सायकलला पण पासिंग? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या महिन्यात या पानावर फूटपाथच्या अतिक्रमणाबद्दल लिहिताना सायकलवाल्यांचा विषय दोन ओळींत येऊन गेला, आणि तेवढ्यावरून इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न या वेळी बाजूलाच ठेवावे लागले. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच मागणी आहे, गाड्यांसारखं सायकलचं पण पासिंग करा, नंबर द्या. आधीच सांगून टाकतो, मी २२ वर्षं पुण्यात रोज सायकलने कामावर जातो, पण घरी ऐंशीच्या घरातली आई आहे आणि तिला हाताला धरून रस्ता ओलांडून नेणारा पण मीच आहे, त्यामुळे दोन्हीकडची भीती मला माहितीये.

प्रश्न : माझं वय ७१. संध्याकाळी फूटपाथवरून चालताना मागून एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सायकल घेऊन आला, कानात इयरफोन, हँडल माझ्या कोपराला लागलं आणि मी पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलगा क्षणभर थांबला आणि निघून गेला. चौकीत गेल्यावर विचारलं, गाडी नंबर सांगा. सायकलला नंबरच नाही तर मी सांगू काय? सायकलची नोंदणी सक्तीची का करत नाहीत?
– निवृत्त शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, आधी मनगटाचं बघा. प्लास्टर निघालं की फिजिओथेरपी अजिबात टाळू नका, या वयात मनगट आखडतं आणि मग साधं कुलूप फिरवायला पण त्रास होतो, आईच्या वेळी आम्ही हे भोगलंय. आणि तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. फूटपाथ चालणाऱ्यांचा. रस्त्यावर कितीही गर्दी असू दे, सायकल फूटपाथवर न्यायचीच असेल तर उतरायचं आणि हातात धरून न्यायची, मग मुलगा सोळाचा असो नाहीतर गृहस्थ साठचा, याच्यावर मला दुसरं काही म्हणायचंच नाही.

आता नंबरचं. तुम्ही पडलात, हात दुखतोय, चष्मा कुठे गेला कळत नाहीये, आणि त्या क्षणाला लांब जाणाऱ्या सायकलच्या मडगार्डवरचा तळहाताएवढ्या पत्र्यावरचा नंबर वाचायचाय, जमलं असतं का? मोटारसायकलची प्लेट मोठी असते, अंधारात चमकते, तरी काय होतं बघा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ३० हजारांहून जास्त माणसं ठोकून पळून जाणाऱ्या वाहनांनी मारली. त्या गाड्यांना नंबर कायद्याने सक्तीचाच होता ना, प्लेटने ना ती माणसं वाचली ना पळणारे थांबले. प्लेट कामाला येते ती कधी, तर कुणीतरी ती बघायला, लिहून घ्यायला आणि त्यावरून मागे लागायला उभं असतं तेव्हा, आणि ते माणूस उभं असेल तर ते सायकलवाल्याला हात करून तिथल्या तिथे पण थांबवू शकतं, सायकल काही ताशी ८० ने पळत नाही.

दुसरं म्हणजे चौकीत तुम्हाला जे ऐकवलं ते बरोबर नाही. बेदरकारपणे वाहन चालवून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, आणि त्यात 'मोटार वाहन' असं म्हटलेलंच नाही, कुठलंही वाहन असं आहे. दुखापत झाली तर त्याचं वेगळं कलम आहे, १२५. नंबर नसेल तर 'अनोळखी सायकलस्वार' म्हणून तक्रार घेता येते, घरात चोरी झाली तर चोराचं नाव माहीत असल्याशिवाय तक्रार घेत नाहीत का? तर लेखी अर्ज द्या, वार, वेळ, नेमकी जागा, मुलाने काय घातलं होतं, शाळेची बॅग होती का, सगळं लिहा, हॉस्पिटलचे कागद जोडा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि सगळ्यात आधी आसपासच्या दुकानांना, सोसायट्यांना सीसीटीव्हीचं फुटेज मागा, कारण रेकॉर्डर काही दिवसांनी जुनं पुसून त्यावरच नवं लिहितो. असा मुलगा बहुतेक वेळा त्याच भागातला निघतो. तो सापडला तर त्याने आईवडिलांना घेऊन तुमच्या घरी यावं, उपचाराचा खर्च द्यावा आणि तुमच्यासमोर बसून माफी मागावी, एवढं तरी व्हायलाच पाहिजे.

पण बाई, एका मुलासाठी सगळ्या शहराच्या सायकलींची नोंदणी करायची तर काय होईल तेवढं एकदा आकड्यात बघू या. समजा शहरात ५ लाख सायकली आहेत आणि एका नोंदीला कागद तपासणं, एंट्री करणं, फी घेणं धरून फक्त १० मिनिटं लागली, तर ५० लाख मिनिटं झाली, म्हणजे ८३ हजार तास. रोज ७ तास, वर्षाचे २५० दिवस असं धरलं तर जवळजवळ ४८ कारकून वर्षभर दुसरं काहीही न करता फक्त सायकली लिहीत बसणार. आणि हे एकदाच नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांचं बघतो, आधी साइड व्हीलवाली बारकी, मग १६ इंची, मग २० ची, मग २४ ची, दहावीपर्यंत चार सायकली होतात, जुनी जाते मावसभावाला, तिथून कामवाल्या ताईंच्या मुलाला, म्हणजे प्रत्येक वेळी नाव बदलायला परत तीच लाइन. तेवढे ४८ पगार मला फूटपाथ सलग करायला आणि कोपऱ्याकोपऱ्यावर एक ट्रॅफिक हवालदार वाढवायला लागलेले आवडतील.

अजून एक, धोक्याचा हिशोब. सायकल आणि माणूस मिळून ८५ किलो धरा, वेग ताशी १५. स्कूटर आणि माणूस १८० किलो, वेग ताशी ४५. धडकेतला जोर वजनाबरोबर सरळ वाढतो पण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे स्कूटरच्या धडकेत सायकलच्या जवळपास १९ पट ऊर्जा असते. सायकलने मनगट मोडतं, ते तुम्ही भोगताय आणि मी ते अजिबात कमी लेखत नाही. पण नंबर, लायसन्स, इन्शुरन्स ही सगळी व्यवस्था उभी राहिली ती या १९ पट जोरासाठी.

प्रश्न : आम्ही गाडी घेताना हजारो रुपये रोड टॅक्स भरतो. सायकलवाले तोच रस्ता फुकट वापरतात आणि वर वेगळा ट्रॅक मागतात. नोंदणी करून वर्षाला शंभर रुपये घ्यायला काय हरकत आहे?
– व्यावसायिक, ठाणे

उत्तर : फुकट कोणी वापरत नाही. शहरातले रस्ते महापालिका करते आणि महापालिकेचा पैसा मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्समधून आणि सरकारकडून येणाऱ्या जीएसटीच्या वाट्यातून येतो, तो भाड्याने राहणारा सुद्धा घरभाड्यातून भरतच असतो. सायकल विकत घेताना जीएसटी लागतो, सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता, आता ५. आणि रस्ता उखडतो तो वजनाने, डांबराला खड्डा पाडायला १५ किलोची सायकल कधी पुरी पडली नाही.

सायकलवर टॅक्स लावून बघितलेला देश म्हणजे नेदरलँड्स, ज्याला आपण सायकलींचा देश म्हणतो तोच. तिथे १९२४ पासून सायकलवर कर होता, पैसे भरले की धातूची छोटी पट्टी मिळायची ती सायकलला लावायची. पुढे मंदीत लोकांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा बेकारांना ती पट्टी फुकट द्यायला लागले, पण तिला मधोमध भोक पाडलेलं असायचं, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही लांबून कळणार की हा बेकार आहे. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. १९४१ मध्ये तो कर गेला तो परत आला नाही, आणि त्या देशात आज माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत.

प्रश्न : आमच्या लहानपणी नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला असायचा. दरवर्षी पैसे भरून नवा घ्यायचा. बिल्ला नसेल तर सायकल जमा करायचे. डबलसीट आणि विनादिवा जाणाऱ्यांना पण पकडायचे. तेव्हा शिस्त होती. ते का बंद केलं?
– वय ७८, सांगली जिल्हा

उत्तर : काका, तुमच्या पत्राने मला माझ्या आजोबांची काळी २४ इंची आठवली, तिच्या हँडलखाली असे जुने दोन-तीन बिल्ले गंजून एकमेकांना चिकटलेले होते, आम्ही पोरं ते नाण्यांसारखे खेळायला मागायचो आणि ते द्यायचे नाहीत.

पण तो बिल्ला मुळात शिस्तीसाठी नव्हता, तो कर होता. घोडागाडी, बैलगाडी, सायकल, चाकावर जे काही चालेल त्यावर कर घ्यायचा अधिकार पालिकांना होता, आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम १२७ मध्ये वाहनं, होड्या आणि जनावरं यांच्यावरचा कर आजही लिहिलेला आहे. ज्या काळात गावात मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या होत्या त्या काळात सायकल हीच कर घेण्यासारखी वस्तू होती. पुढे गोळा होणारे पैसे आणि ते गोळा करायला लागणारी माणसं यांचं गणित बसेना. दिवा तपासणारे, डबलसीट पकडणारे हवालदार तुम्हाला आठवतायत, ते नाक्यावर उभे असायचे म्हणून शिस्त होती असं मला वाटतं, बिल्ल्याचं त्यात काही नव्हतं. विनादिव्याच्या सायकलला बिल्ला असला तरी पकडायचेच ना?

बाहेर पण हेच झालंय. कॅनडात टोरंटो शहराने १९३५ मध्ये सायकलला लायसन्स सक्तीचं केलं आणि १९५७ मध्ये रद्द केलं. रद्द करताना दिलेलं एक कारण मला फार पटतं, की यामुळे अगदी कोवळ्या वयातली मुलं नकळत कायदा मोडणारी ठरतात आणि पोलीस आणि मुलं यांच्यातलं नातं बिघडतं. स्वित्झर्लंडमध्ये सायकलला दरवर्षी नवा स्टिकर घ्यावा लागायचा, त्यात २० लाख फ्रँकपर्यंतचा थर्ड पार्टी विमा होता, म्हणजे सायकलने कुणाला लागलं तर भरपाई त्यातून. मला विचाराल तर सगळ्या नोंदणी योजनांमध्ये हीच एक खरी कामाची होती, बाईंसारख्या माणसाला त्यातून उपचाराचे पैसे मिळाले असते. पण तिथल्या बहुतेक घरांकडे असा विमा आधीच असतो, स्टिकर छापणं-वाटणं जड झालं, आणि २०१२ पासून ते पण बंद. स्विस लोक कागदोपत्री कामाला कंटाळणारे म्हणून प्रसिद्ध नाहीत, त्यांनी सोडलं म्हणजे विचार करायला पाहिजे.

प्रश्न : मी सोसायटीत सिक्युरिटीला आहे. १२ तासांची ड्युटी, येऊन जाऊन १४ किलोमीटर सायकल. सायकल १८०० रुपयांना जुनी घेतली, बिल नाही. सुपरवायझर म्हणतो आता सायकलला पण नंबर येणार, कागद नसतील तर जप्त करणार. खरं आहे का?
– पिंपरी-चिंचवड

उत्तर : दादा, बिनधास्त चालवा. मोटार वाहन कायद्यात पायडलची सायकल येतच नाही, त्यामुळे आरटीओची नोंद, लायसन्स, इन्शुरन्स, पीयूसी यातलं काहीही तुमच्याकडे कुणी मागू शकत नाही.

तुमचं पत्र मी मुद्दाम इथे घेतलं, कारण ज्यांना नोंदणी पाहिजे त्यांच्या डोळ्यासमोर हेल्मेट आणि चकचकीत जर्सी घातलेला रविवारचा सायकलवाला असतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभरातल्या जवळपास ४५ घरांत सायकल होती, आणि त्या घरांत बहुतेक करून तुम्ही आहात, दूधवाले आहेत, बांधकामावर जाणारे गवंडी आहेत, खेड्यातून शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. मानव विकास कार्यक्रमात आपलं सरकारच मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देतं, कारण शाळा लांब पडली की पोरीचं शिक्षण थांबतं. एका हाताने सायकल द्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच पोरीला रस्त्यात अडवून कागद दाखव म्हणायचं? कोलकात्यात २०१३ मध्ये पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला बंदी केली तेव्हा मार खाल्ला तो हातावर पोट असणाऱ्यांनीच. नियम करताना कोणाच्याही मनात वाईट नसतं, पण रस्त्यात अडवलं जातं ते त्यालाच, जो वरच्या कुणाला फोन लावू शकत नाही.

तुमची खरी काळजी वेगळी आहे आणि ती मला आत्ता जास्त वाटते. रात्रपाळीला जाता तेव्हा मागे लाल रिफ्लेक्टर आहे का? नसेल तर आजच्या आज सायकलच्या दुकानातून घेऊन कॅरिअरखाली बसवा, पायडलला पिवळे लावा, पुढे सेलवरचा छोटा लाइट लावा, सगळं मिळून दोन-तीनशेत होतं. देशात दरवर्षी चार हजारांहून जास्त सायकलस्वार अपघातात जातात. आणि घरच्यांना एक गोष्ट सांगून ठेवा, ठोकणारं वाहन सापडलं नाही तरी सरकारी भरपाई आहे, एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज तहसील-प्रांत कार्यालयाच्या मार्गाने जातो. हे सांगताना बरं वाटत नाही, पण माहिती नसल्यामुळे लोक तो अर्जच करत नाहीत.

पत्र : प्रश्न नाही, अनुभव सांगते. आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहतो. इथे सायकलची नोंदणी सक्तीची आहे. दुकानदारच फॉर्म भरून घेतो, सहाशे-साडेसहाशे येन घेतो आणि सीटखालच्या नळीवर स्टिकर लावून देतो, पाच मिनिटांत काम. नवऱ्याला रात्री दोनदा पोलिसाने थांबवलं, वायरलेसवर नंबर विचारला, नाव जुळलं, नमस्कार करून सोडलं. भारतात हे का होऊ शकत नाही?
– गृहिणी, जपान

उत्तर : तुमच्या पत्रामुळे मला या सगळ्या चर्चेतली नेमकी गाठ सापडली, खरंच आभार. जपानची ही नोंदणी, बोहान तोरोकु, तिच्या नावातच 'बोहान' म्हणजे गुन्हा रोखणे आहे, ती चोरीसाठी आहे. १९९४ पासून सक्तीची आहे पण न केल्याबद्दल दंड नाही. स्टिकर इतका छोटा की दहा फुटांवरून वाचता येत नाही, फूटपाथवर धक्का देऊन जाणाऱ्याचा नंबर तिथल्या आजीला पण दिसणार नाही. आणि नियम मोडणाऱ्या सायकलवाल्यांसाठी जपानने वेगळीच व्यवस्था केली, २०२४ मध्ये कायदा बदलला आणि एप्रिल २०२६ पासून १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या सायकलस्वाराला पोलीस जागेवर थांबवून दंडाची पावती देऊ शकतात. म्हणजे ज्या देशात प्रत्येक सायकलची नोंद आहे तिथे सुद्धा बेशिस्तीवरचा उपाय म्हणजे माणसाने माणसाला थांबवणं हाच निघाला.

आपल्याकडे का नाही, तर चोरीपुरतं व्हावं असं मलाही वाटतं, आणि ते कसं, ते खालच्या पत्राच्या उत्तरात लिहितो.

प्रश्न : मुलाला नववीत गेला म्हणून १२,५०० ची गिअरची सायकल घेतली. चार महिन्यांत सोसायटीच्या पार्किंगमधून गेली. पोलीस म्हणाले सायकली सापडत नाहीत, सापडली तरी तुमचीच आहे हे कशावरून? बिल पण मिळेना. मुलगा आठवडाभर धड जेवला नाही. नोंदणी असती तर सापडली असती का?
– गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, मुलाला सांगा की माझी पण एक सायकल अशीच गेलीये, स्टेशनच्या बाहेरून, २००९ मध्ये, आणि तशा रंगाची सायकल दिसली की मी अजून पण मान वळवून बघतो.

'तुमचीच कशावरून' हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर आपल्याकडे असू शकतं, हे बहुतेक लोकांना माहीतच नसतं. सायकलच्या फ्रेमवर कंपनीने नंबर ठोकलेला असतो. सायकल उलटी करा, दोन पायडल जिथे जोडलेत ती मधली जाड आडवी नळी असते तिच्या पोटाशी बघा, तिथे नसेल तर सीटखालच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर, चिखल आणि ग्रीस पुसलं की दिसतो. म्हणजे नंबर प्रत्येक चांगल्या सायकलला जन्मापासूनच आहे, फक्त तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. दुकानदार बिलावर 'सायकल १ नग' एवढंच लिहितो आणि आपण पण पेढे आणायच्या गडबडीत असतो.

तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ पासून जे नवे कायदे आले त्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे फक्त एनसी होते आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. तुमची सायकल १२,५०० ची आणि चारच महिन्यांची, म्हणजे दखलपात्र गुन्हा, एफआयआर व्हायलाच पाहिजे. पण किंमत सिद्ध कशी करणार, तर बिलाने. बिल हरवलं असेल तर दुकानात जा, जीएसटीच्या पुस्तकात त्यांच्याकडे नोंद असते, यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटवर तारीख असते, ती सांगितली की डुप्लिकेट बिल लगेच निघतं. दुकानाकडे कंपनीकडून आलेल्या मालाच्या कागदावर फ्रेम नंबर असण्याची पण शक्यता असते, तो नक्की विचारा. तक्रार ऑनलाइन सुद्धा देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. हे सगळं करून सायकल परत मिळेलच असं मी म्हणणार नाही, पण पोलिसांना उद्या कुठे चोरीच्या सायकली सापडल्या तर त्यातली तुमची ओळखायला त्यांच्याकडे काहीतरी हवं, नाहीतर ती ठाण्याच्या आवारात गंजत पडते आणि शेवटी लिलावात जाते. कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा, वेलींनी वेढलेल्या सायकली दिसतील, त्यातली प्रत्येक कुणाच्या तरी पोराची होती.

म्हणून मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. रस्त्यावर सायकल चालवायला परवाना नको, प्लेट नको, वर्षाची फी नको, कुणाला अडवून कागद विचारणं नको. पण नवी सायकल विकताना दुकानदाराने बिलावर फ्रेम नंबर लिहिणं सक्तीचं करा, आणि पोलिसांनी एक साधं पान उघडावं जिथे चोरीला गेलेल्या सायकलचा नंबर टाकता येईल आणि जुनी सायकल विकत घेणारा तो नंबर टाकून बघू शकेल. फ्रान्सने २०२१ पासून असंच काहीसं केलंय, दुकानातून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या सायकलला ओळख नंबर असणं आणि त्याची नोंद होणं सक्तीचं, जबाबदारी विकणाऱ्याची. आधी लिहिलेल्या सिक्युरिटीच्या दादांच्या १८०० च्या सायकलला यात कोणी हात लावत नाही. ज्याला स्वतःची जुनी सायकल त्यात टाकायची असेल तो टाकेल, नसेल तर नाही. ही नोंद मालकाच्या बाजूने उभी राहणारी आहे, आणि सक्तीच्या पासिंगमध्ये मालक आधी आरोपीसारखा उभा असतो, एवढाच काय तो फरक, पण माझ्यासाठी तोच सगळा मुद्दा आहे.

आणि पुढची सायकल घ्याल तेव्हा, दुकानातच फ्रेम नंबरचा फोटो काढा, मुलाचा सायकलबरोबर एक फोटो काढा, बिलावर नंबर लिहून शिक्का मारून घ्या. सीटची दांडी बाहेर काढून आतल्या नळीत नाव-फोन लिहिलेली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी टाका, चोराच्या ते लक्षात येत नाही आणि ओळख पटवायला पुरावा होतो. कुलूप वायरचं घेऊ नका, ते कटरने क्षणात तुटतं, जाड यू-लॉक घ्या आणि फ्रेम, चाक आणि भिंतीतली कडी असं तिन्ही अडकवा. सोसायटीला पार्किंगमध्ये तशी लोखंडी कडी बसवायला सांगा, हजार रुपयांचं पण काम नाही.

प्रश्न : दुकानदार म्हणतो ई-सायकलला नंबर लागत नाही. बघितलं तर ती ४०-४५ ने पळते आणि पायडल नावालाच आहेत. घेऊ का? कॉलेजला जायला पाहिजे.
– विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : नको घेऊस. नोंदणीतून सूट आहे ती मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तरच. ४५ ने पळणारी गाडी कायद्याने मोटार वाहन आहे, तिला नंबर, इन्शुरन्स, लायसन्स, हेल्मेट सगळं लागतं, दुकानदाराने तिला सायकल म्हटल्याने ती सायकल होत नाही. उद्या तुझ्याकडून कुणाला लागलं तर विमा नाही, लायसन्स नाही, सगळी भरपाई घरच्यांच्या डोक्यावर. वर मी धडकेचा जो हिशोब दिलाय त्यात ही गाडी स्कूटरच्या रांगेत बसते. काही दुकानं २५ चं लिमिट असलेली गाडी विकून वर लिमिटरची वायर काढून देतात, ते पण करून घेऊ नकोस. अशा गाड्यांना पकडून पासिंग करायला लावलं तर माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण फूटपाथवर आणि सायकल ट्रॅकवर आता याच घुसायला लागल्यात. दुकानदाराकडे गाडीच्या मंजुरीचा कागद माग, त्यावर वॉट आणि वेग लिहिलेला असतो. तो दाखवला आणि त्यात बसत असेल तर घे, आणि फ्रेम नंबर बिलावर लिहून घे.